दगडूतात्यांचा गुडघा

फेब्रुवारी संपत आला की साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास द्राक्षांचे गाडे लागतात. गाडेवाले गोडीच्या शपथा घेतात. मी कवठे महांकाळकडची सून, मला कोण फसवणार? एक मणी तोंडात टाकते, नाक मुरडते, भावावरून दोन वाक्यं ऐकवते आणि शेवटी किलोभर घेऊन येतेच. घरी धुऊन चाळणीत निथळत ठेवली, की स्वयंपाकघरात तो वास सुटतो आणि मला एकदम दगडूतात्यांचा गुडघा आठवतो.

हसा खुशाल. लोकांना द्राक्षांवरून काय काय आठवत असेल, मला गुडघा आठवतो. शिवाय हे दिवस आमच्या लेंटचे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपासाचे आणि प्रार्थनेचे. गंभीर राहायचे दिवस आहेत हे मला कळतं. पण माझ्या सासरचा पहिला लेंट असा गेला, की त्यानंतर मला या दिवसांत तोंड पाडून बसणं कधी जमलंच नाही.

मी मूळची फलटणची. उसाच्या रानातली, पाटाच्या पाण्यातली. लग्न होऊन कवठे महांकाळच्या बाजूला गेले तेव्हा वाटेत बघते तर काय, माळच माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि मधेच कुणीतरी जिद्दीनं लावलेली हिरवीगार द्राक्षबाग. सासरचा मळा गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. आमची वऱ्हाडाची जीप अगदी जवळ आली, घर दिसायला लागलं, आणि थांबली. समोर काटेरी तार. तारेपलीकडे एका दगडावर लाल पटका बांधलेला एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडून खात बसलेला. त्यानं जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढची शेंग फोडली. ते दगडूतात्या.

"उतर बाई," नवरा म्हणाला, "इथनं वाट बंद हाय. ओढ्यातनं जायचंय."

कॅनॉलचं पाणी सुटलेलं होतं. मी पांढरी साडी नेसलेली, डोक्यावर झिरझिरीत ओढणी, हातात फुलं. पहिल्याच पावलाला ओढ्यातला चिखल गुडघ्यापर्यंत आला आणि एक चप्पल तिथंच राहिली. सासरच्या उंबऱ्यावर मी उभी राहिले ती निम्मी पांढरी आणि निम्मी काळी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्या शेंगा खाणाऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि मनात नीट लक्षात ठेवलं. मी सहसा विसरत नाही. आमच्या माहेरचा हा गुण आहे.

नवरा फौजेत. दहा दिवसांनी सुट्टी संपवून गेला, आणि मळ्यात राहिलो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे पाच वर्षांपूर्वी वारलेले. आत्याबाई अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की विचारू नका. जन्मभर द्राक्षांवरची पाखरं हाकललेली. "कोंबड्या कोंडल्या का गं?" हे त्या घरातून विचारायच्या आणि ओढ्यापलीकडची बाई "व्हय, कोंडल्या" म्हणून उत्तर द्यायची.

तारेची गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. सासरे आणि दगडूतात्या एकेकाळी एका ताटात जेवणारे. तात्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्यांना द्राक्षबाग लावायला शिकवली ती सासऱ्यांनी. मग सासरे गेले, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, वेलींना नुकते कोवळे फुटवे आलेले असताना, आमची म्हैस एका पहाटे सुटली आणि तात्यांच्या तीन ओळी साफ करून आली. तीन ओळींचं अख्खं वर्ष म्हशीच्या पोटात. तात्या म्हणाले, म्हैस सोडली. आत्याबाई म्हणाल्या, तुमचं फाटक उघडं होतं. बोलणं वाढलं, पार मेलेल्या माणसापर्यंत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्यांच्या बांधावरून जाणारी आमची वाट तारेनं बंद केली. चार वर्षं झाली होती. चार हंगाम आत्याबाईंनी द्राक्षांच्या पाट्या डोक्यावरून ओढ्यापार नेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती. ती मला चर्चमध्ये दिसली.

आमच्या बागेत तारेला लागून काळ्या द्राक्षांची एक ओळ होती. ती चर्चची ओळ. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळे मिळून घेतात त्याला, लागणारा द्राक्षरस त्याच ओळीचा. आत्याबाई तो स्वतः करायच्या. द्राक्षं धुऊन, हातानं कुस्करून, मोठ्या पातेल्यात चुलीवर मंद आचेला. मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्यातून गाळून, गार करून, बाटल्यांत. दिवसभर मळ्यात गोड वास आणि आत्याबाईंचे हात जांभळे. आणि मार्चच्या पहिल्या रविवारी, छोट्या छोट्या स्टीलच्या पेल्यांचं तबक बाकाबाकानं फिरत आमच्याकडे आलं, तेव्हा आत्याबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि न घेता माझ्याकडे सरकवलं.

घरी येताना, ओढ्यातच, मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही घेतला नाही?"

"मनात राग धरून प्रभूच्या मेजाला जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटं हुईल ते. चार वर्सं झाली, घेतला न्हाई."

"आणि करताना चाखून तरी?"

"न्हाई. चाकत बी न्हाई. साखर अंदाजानंच घालते."

स्वतःच्या हातचं, स्वतःच्या ओळीचं, आणि सगळ्या मंडळीनं प्यायचं, पण करणारीनं नाही. एका म्हशीपायी. मला आत्याबाईंची कीव आली, आणि तात्यांचा राग होता तो दुप्पट झाला.

त्या लेंटला पाळकसाहेब नवीन होते. वयानं माझ्याएवढेच, मिशी नुकतीच कुठं धरू लागलेली. त्यांनी उपदेशात सांगितलं, की वैऱ्यावर प्रेम करायचं असं आपण सगळेच म्हणतो, पण मोघम म्हणतो. यंदा प्रत्येकानं एकच माणूस धरा. चाळीस दिवस, रोज, नाव घेऊन त्याच्या भल्याची प्रार्थना करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याबाई दारात त्यांना म्हणाल्या, "साहेब, मला जमायचं न्हाई. पण बगते."

माझा नवरा सीमेवर होता. तिथला वैरी डोळ्यांनी क्वचितच दिसतो, त्याचं नाव-गाव ठाऊक नसतं. आत्याबाईंचा वैरी मात्र रोज सकाळी तारेपलीकडे राखुंडीनं दात घासताना दिसायचा, खाकरायचा, चूळ थुंकायचा. अशा माणसावर प्रेम करायचं म्हणजे काय गंमत आहे? मला अजूनही वाटतं, लांबच्या वैऱ्याला माफ करणारे पुष्कळ भेटतील. चूळ थुंकणाऱ्याला करून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला आत्याबाई काळ्या ओळीत उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि पाखरं हाकलायच्या आवाजात सुरू केलं, "देवा, त्या दगडूला सुबुद्धी दे! त्याचं वाकडं डोस्कं सरळ कर!"

चार दिवस हे चाललं. पाळकसाहेब भेटीला आले तेव्हा त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, ही प्रार्थना न्हाई. ही चहाडी झाली."

"मग काय मागू?"

"त्यांना काय पाहिजे ते मागा."

"मला काय ठावं त्याला काय पायजे? चार वर्सं बोलणं न्हाई!"

"मग माहिती काढा," पाळकसाहेब म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले.

झालं. आमच्या मळ्यात जासूसीचं खातं उघडलं. आत्याबाई गिरणीत दळणाला जाणार आणि तात्यांच्या घरची खबर काढणार. डेअरीवर दूध घालायला जाणार आणि खबर काढणार. एवढी वर्षं ज्याचं नाव घेतलं की ठसका लागायचा, त्याच्या घरात कोण खोकतंय, कुणाची शेळी व्याली, सगळं त्यांना पाठ व्हायला लागलं. थोरला मुलगा अजित सैन्यभरतीसाठी पळायचा सराव करतो, हे कळलं. "बिनआईचं पोरगं हाय गं," आत्याबाई म्हणाल्या. "मला कसं ध्येनात आलं न्हाई?"

मलाही कामाला लावलं होतं. एकदा मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले, तर पलीकडच्या काठावर तात्या धोतर वर सारून, रुईचं पान तेलात गरम करून गुडघ्याला बांधत बसलेले. त्यांनी वर बघितलं. आमची चांगली नजरानजर झाली. मी धुणं आपटलं आणि घरी आले.

"आत्याबाई, गुडघा दुखतोय त्यांचा."

"कंचा?"

"उजवा," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून उजव्या गुडघ्याची प्रार्थना सुरू झाली. "देवा, दगडूचा उजवा गुडगा बरा कर! उजव्या गुडग्यात वंगण घाल! उटता-बसता कळ येऊ देऊ नगंस!" पंधरा दिवस, रोज, न चुकता. बागेत तोडणी चाललेली. मी पाटी घेऊन तिथंच उभी असायची. तारेपलीकडे वेलींची पानं दाट होती, पलीकडचं काही दिसायचं नाही. पण एका सकाळी मला पानांआड लाल पटका दिसला. हललाही नाही. तात्या उभे राहून ऐकत होते.

मी आत्याबाईंना खूण करणार, तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला. इतका खाली आला, की मला आधी कळेना कोण बोलतंय.

"देवा," त्या म्हणाल्या, "रोज मागते खरं, पर माज्या तोंडात घास अडकल्यागत हुतंय. तुला ठावं हाय. म्हशीचं दावं त्या रातीला म्याच बांदलं हुतं. मालक गेल्यापास्नं डोस्कं ठिकाणावर नव्हतं. गाठ ढिली ऱ्हायली. मला सकाळीच दिसलं. मी बोलले न्हाई. उलटं त्यालाच फाटकाचं बोलले. त्याचं वरीस खाल्लं आमच्या म्हशीनं, देवा, आन मी चार वर्सं त्यालाच वैरी म्हणते."

पानांआड काही हललं नाही. आत्याबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि द्राक्षं तोडायला लागल्या. त्यांनी पटका बघितलाच नव्हता. मी पाटी धरून उभी, हातातली कात्री तशीच. मला वाटलं, आता हा माणूस गावभर सांगणार. आता संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओळीत आल्या, डोळे मिटले, "देवा, दगडूचा उजवा गुडगा..." म्हणाल्या, आणि तारेपलीकडून आवाज आला.

"डावा."

आत्याबाईंनी डोळे उघडले. तात्या तारेला हात धरून उभे होते.

"डावा हाय, वैनी. पंधरा दिस झालं ऐकतोय. उजव्याला कायबी झालेलं न्हाई. दुखतोय डावा."

मला वाटलं म्हशीचं काढतील. नाही काढलं. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असावं की तात्यांनी कालचं ऐकलंय. चेहरा पार उतरला आणि मग हळूहळू उजळला. चार वर्षांनी त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "भावजी, मग आदी सांगायचं न्हाई का? पंधरा दिस माजं फुकट गेलं की!"

आणि दोघं जे हसायला लागले! माझ्या ओळीतली पाखरं उडाली.

त्यानंतर तात्या रोज यायचे. राखुंडी तोंडात, तारेवर वाकलेले. आज कळ कमी हाय म्हणून सांगा. अजितची भरती पुढल्या मंगळवारी हाय, तेवढं घाला. "आमचा बिरोबा हाय," ते म्हणायचे, "त्येला सांगिटलंय म्या. पर तुमचा बी असू दे. पोरगं सोळाशे मीटर पळायचं हाय, दोघं लागतील." भरतीच्या सकाळी एका बाजूला आत्याबाई "पळव देवा, पळव त्याला!" म्हणून ओरडत होत्या आणि दुसऱ्या बाजूला तात्या कपाळाला भंडारा लावून पुटपुटत होते. अजित त्या वर्षी थोडक्यात राहिला. पुढच्या वर्षी भरती झाला. "तुमी टायमिंग चुकीचं सांगिटलं आसंल देवाला," तात्या आत्याबाईंना चिडवायचे.

आणि तार? तार कुणी समेट करून काढली नाही. एका सकाळी तात्या पक्कड घेऊन आले आणि तोडायला लागले. "रोज वाकून वाकून गुडगा ऱ्हायला बाजूला, माजी कंबर गेली," असं म्हणाले. तोडलेली तार गुंडाळून बांधावर ठेवली, आणि सरळ आत येऊन आमच्या अंगणात चहाला बसले. त्या संध्याकाळी द्राक्षांचा टेम्पो थेट आमच्या दारात आला. आत्याबाई टेम्पोभोवती दोन चकरा मारून आल्या, पाहुणा आल्यासारख्या.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी प्रभुभोजन होतं. आम्ही बांधावरून, सुक्या चपलांनी चर्चला गेलो. पेल्यांचं तबक फिरत आलं. आत्याबाईंनी ते धरलं. पाळकसाहेबांनी तिकडे बघायचं टाळलं. आत्याबाईंनी एक पेला उचलला. प्यायल्या. डोळे मिटले. आणि पाखरं हाकलायच्या आवाजात म्हणाल्या,

"गोड झालाय की गं!"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेब हसले. आत्याबाई स्वतः हसल्या आणि रडल्या. मग तबक माझ्याकडे आलं. मीही पेला घेतला. गोड होता. फार गोड होता. पण मी तबक घाईनं पुढे सरकवलं, कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तिथं कुणालाच नव्हती.

आता सांगूनच टाकते. गुडघा डावा आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ओढ्याकाठी मी स्वच्छ बघितलं होतं, डाव्या गुडघ्याला रुईचं पान. मी उजवा सांगितला तो मुद्दाम. माझी पांढरी साडी, माझी चिखलात राहिलेली चप्पल, आणि तो शेंगा फोडणारा माणूस. करू दे देवाला चुकीचा गुडघा बरा, असं माझ्या मनात आलं होतं. किती पोरकट! देवाला काय डावं-उजवं कळत नाही? पण तेवीस वर्षांची होते, आणि रागात माणसाला देवसुद्धा पोस्टमनसारखा वाटतो, चुकीचा पत्ता लिहिला की चुकीच्या घरी जाणारा. नंतर तात्या माझेही झाले. पहिल्या बाळंतपणाला त्यांनीच मिरजेला नेलं. पण तेवढं एक मी कधी बोलले नाही. आत्याबाई खरं बोलता येईना म्हणून चार वर्षं तहानलेल्या राहिल्या, आणि मी मात्र त्यानंतर दर महिन्याला बिनदिक्कत पेला घेत आले.

नवरा निवृत्त झाला, मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही साताऱ्यात आलो. आत्याबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत खणखणीत. मातीच्या वेळी तात्या काठी टेकत आले, पटका काढून हातात घेतला, आणि आमच्या रीतीप्रमाणे मूठभर माती टाकली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. वाकताना डावा पाय आखडत होता.

काल द्राक्षं धुवत होते आणि फोन वाजला. तात्या. मिरजेच्या दवाखान्यातून.

"पोरी, उद्या सकाळी आपरेशन हाय. गुडगा बदलत्यात."

"अहो, सांगायचं नाही का! अजित आहे का जवळ?"

"हाय. सुट्टी काडून आलाय. बिरोबाला बी सांगून आलोय. पर आता तुझी सासू न्हाई. तुमच्या देवाला माजं कोण सांगणार? तू सांग."

"सांगते की, तात्या."

"पर डावा सांग बरं का."

मी द्राक्षांवरचा नळ बंद केला.

"अगं, त्या टायमाला उजवा तूच सांगिटला हुतास. ओढ्यावर तू बगितलंस, म्या तुला बगताना बगितलं. मला तवाच कळलं. म्हटलं, फलटणची हाय, साडीचा राग हाय. आसू दे. म्या बी शेंगा खात बसलो हुतो, उटून हात द्यायचा सोडून." तात्या खोकले, मग हसले. "आन उजवा बग माजा. आज बी तरण्या गड्यागत हाय. डाक्टर म्हणतोय, ह्यो येवढा चांगला कसा ऱ्हायला? त्येला काय सांगू, पंधरा दिस प्रार्थना झालीया त्येची!"

इतकी वर्षं. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी आत्याबाईंना कळू दिलं नाही, मला कळू दिलं नाही. माझ्या बाळाला मांडीवर घेतलं, पहिली द्राक्षं दरवर्षी माझ्या हातात दिली. मी समजत होते की त्या लेंटला वैऱ्यावर प्रेम करायला आत्याबाई शिकल्या. तारेपलीकडे आणखी कुणी शिकत होतं, आणि त्याच्या यादीत माझं नाव होतं, हे मला आज कळतंय.

आज सकाळी सूर्य उगवायला मी गॅलरीत उभी राहिले. पदर नव्हता, ओढणी डोक्यावर घेतली. मनातल्या मनात करून बघितलं, पण ती प्रार्थना मनातल्या मनात होईना. मग म्हटलं, होऊ दे आत्याबाईंसारखीच. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी खिडकी उघडली, कोण ओरडतंय ते बघायला. बघू देत.

"देवा," मी मोठ्यानं म्हणाले, "कवठे महांकाळचे दगडूतात्या. गुडघा डावा. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं."